उजवा पदर

साकाईत, सुऱ्यांना धार लावणाऱ्या ओकुईंच्या दुकानावर
आमची खोली. सात माणसं, सहा खुर्च्या.
खालून दिवसभर सहाणेचा आवाज येतो.
तोच अकरा वर्षांपूर्वी गुपचूप रेकॉर्ड करून
मिओरीच्या तलवारीला दिला.
ओकुईंना अजून सांगितलेलं नाही.

मिओरी उजवीकडे चालते.
खेळच तसा. बांबूचं बन, मिठागर, घंटा नसलेलं देऊळ,
सगळं उजवीकडून अंगावर येतं
आणि कापत गेलं की डावीकडे विरतं.
अनुभवाचे गुण मिळतात, पातळी वाढते.
(माझी वाढली नाही. खुर्ची तीच.)

पण ती डावीकडे वळली तर?
हा प्रश्न तेव्हा मी एका ओळीत मिटवला होता:
चित्र उलटं कर.
आरशासारखं, फुकटात.
चोवीस वर्षांचा होतो. त्या ओळीवर खूश होतो.

आता तोच खेळ हातात मावेल असा करायचा होता.
नागुमोंनी फळ्यावर यादी लिहिली:
थांबणं कमी. अक्षरं मोठी. नकाशा हवाच.
आणि पहिल्या गावातलं बंद दार उघडायचं,
कारण अकरा वर्षं लोक पत्रातून विचारत होते
आत काय आहे.
आत काही नव्हतं. दार म्हणजे नुसतं चित्र.

यादीच्या तळाशी हात्सुएनं बारीक अक्षरात लिहिलं:
डावीकडची मिओरी नव्यानं काढणे.

किती चित्रं?
अकराशे बेचाळीस.
"पाच इंचांचा पडदा," नागुमो म्हणाले,
"तिच्या गालावरचा तीळ तिथं तिळाहून लहान.
तो कुठल्या गालावर, कोण बघतंय?"

तिळाचं नाही हो, हात्सुए म्हणाली.
पेन्सिलीला टोक करत राहिली,
टोक झाल्यावरही करत राहिली.

जानेवारीत, वाकायामाला, आईला शेवटचं नेसवताना
मावशीनं तिचा हात धरून दाखवलं होतं:
जित्या माणसाचा डावा पदर वर.
गेलेल्याचा उजवा.
त्या रात्री झोप येईना म्हणून खेळ लावला,
मागं राहिलेली औषधाची पुडी उचलायला
मिओरीला वळवलं,
तर उजवा पदर वर.

प्रत्येक वेळी, अकरा वर्षं.
पुढं तोंड करून जिवंत,
मागं वळली की मढं.

कोणी बोललं नाही. खाली सहाणही थांबली होती,
ओकुई जेवायला बसले असावेत.
मी माझी ती ओळ उघडून बघितली.
केवढीशी होती.

मग एक तीळ सात जणांत वाटून खावा
तशी ती चित्रं वाटून घेतली.
ज्यांना काढता येतं त्यांनी पदर बदलले,
तलवार उजव्या हातात परत आणली.
मला काढता येत नाही. मी गाल पुसले.
अकराशे बेचाळीस वेळा एक ठिपका,
एप्रिलपासून पाऊस संपेपर्यंत.

खेळ आला. एका मासिकानं लिहिलं,
थांबणं कमी झालंय, अक्षरं बरी,
बाकी होतं तेच.
जुन्या नोंदी नव्यात चालत नाहीत
म्हणून काहींनी शिव्याही घातल्या.
बरोबर होतं त्यांचं. शंभर शंभर तासांचं कष्टाचं होतं ते.

मी रात्री अंथरुणात मिओरीला उलटी चालवत नेली.
देऊळ, मिठागर, बन,
सगळे राक्षस आधीच मारलेले, वाट रिकामी,
गालावर तीळ नाही, डावा पदर वर.
पहिलं गाव. दार.

आत हात्सुएनं काय काढलंय ते मला ठाऊक होतं,
तरी अंगठा अडला.
एक बाई तांदूळ धुतेय, पाठमोरी.
पाठमोऱ्या माणसाचा पदर दिसत नाही.
तिच्याशी बोलायचं बटण मी ठेवलेलं नाही,
हात्सुएनंही मागितलं नाही.
पाणी तेवढं हलतं,
बॅटरी आहे तोवर.